मोघ्यांचा प्रेक्षक

मोघ्यांच्या घरी सिनेमा बघायला जायचं तर जाड कोट घालून जावं लागतं, आणि तो काढायचा नसतो. सिनेमा लावायच्या आधी ते दोन्ही खिडक्या सताड उघडतात. जानेवारी असो, बाहेर हॅम्बर्गचा आडवा पाऊस असो, खिडक्या उघड्या आणि हीटर बंद. बसायला स्वयंपाकघरातली बिनपाठीची लाकडी स्टुलं. घरात सोफा आहे, पण त्यावर पुस्तकं बसलेली असतात. "उबेत माणूस सिनेमा बघत नाही रे, पेंगतो," असं मोघ्यांचं म्हणणं. आणि पेंगणाऱ्याला मोघ्यांच्या दरबारी माफी नाही.

विद्याधर मोघे आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. वय चौसष्ट. तरुणपणी पुण्याहून सिनेमा शिकायला जर्मनीत आले ते इथलेच झाले. माहितीपट करतात. म्हणजे पूर्वी टीव्हीसाठी बरेच केले, आता कुणी विचारत नाही. मी आयटीवाला. दिवसभर कॉलवर इतका बोललेला असतो की संध्याकाळी स्वतःच्या बायकोशीसुद्धा मानेनंच बोलतो. असा माणूस मोघ्यांच्या तावडीत सापडू नये, पण सापडला. दर गुरुवारी दारावर टकटक होते आणि मुग्धा, म्हणजे आमची सौभाग्यवती, "जा हो, बिचारे एकटे असतात," असं म्हणून मला वर पिटाळते. स्वतः मात्र कधी येत नाही.

बरं, नुसतं बघून सुटका होत नाही. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा असते. मी सकाळी कचरा टाकायला खाली उतरावं आणि मोघ्यांनी जिन्यात गाठावं.

"काय दिसलं काल?"

"छान होता. म्हणजे तो म्हातारा आधी गावाकडे जातो, मग..."

"कथा नको सांगूस. कथा मला ठाऊक आहे. तुला काय दिसलं?"

आता मला काय दिसणार? मला थंडीनं माझे गुडघे दिसत होते. एकदा वैतागून म्हणालो, "त्या बाईनं किटलीचं झाकण दोनदा लावलं." मोघे तीन पायऱ्या खाली उतरले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "गेनाऊ! अगदी बरोबर! अरे, तू माणसात यायला लागलास!" हातात ओल्या कचऱ्याची पिशवी घेऊन मी उगाचच खूश झालो. दिवसभर कॉलवर जो तो काय बोलतोय यापेक्षा कोण कान खाजवतोय इकडेच माझं लक्ष. मॅनेजरनं प्रश्न विचारला तो ऐकलाच नाही.

शनिवारी ते इथल्या प्रौढांच्या शाळेत 'सर्जनशीलता' शिकवतात. वर्गात पाच निवृत्त जर्मन बायका आणि एक आजोबा. मी एकदा चुकून विचारलं की सर्जनशीलता शिकवता तरी कशी येते?

"येत नाही. मी त्यांना खिडकीशी बसवतो. वीस मिनिटं समोरचा बसस्टॉप बघायचा."

"आणि?"

"आणि काय! सुचणं-बिचणं काही नसतं रे. कंटाळा आला तरी जो उठत नाही, त्याला काहीतरी दिसतं. बाकीचे कॉफी प्यायला जातात."

"मग तुमचा वर्ग?"

"कॉफी प्यायला जातो," मोघे म्हणाले. मग हसले. पण दमून हसले.

आमच्या धाकटीच्या बारशाला मी त्यांना कॅमेरा घेऊन बोलावलं, ही माझी घोडचूक. इमारतीतच एवढा सिनेमावाला असताना बाहेरचा कशाला, असा माझा हिशेब. पंधरवड्यानं मोघ्यांनी चाळीस मिनिटांचं बारसं आणून दिलं. माझे सासू-सासरे खास पुण्याहून आलेले. सगळे नटूनथटून टीव्हीसमोर बसलो. पडद्यावर आमच्या दाराबाहेरचा पॅसेज, तिथे चपला-बुटांचा ढीग, आणि माझ्या सासूबाई खाली वाकून बर्फानं भिजलेले पाहुण्यांचे बूट एकेक करून जुन्या टॉवेलनं पुसून जोडीनं लावतायत. आतून पाळण्याचं गाणं ऐकू येतंय. सासूबाई गाणं गुणगुणतायत आणि बूट पुसतायत. बारा मिनिटं! पाळणा कुठेही नाही. "कुणी गोविंद घ्या" नाही, कानात नाव सांगणारी आत्या नाही.

"अहो मोघे, नाव ठेवतानाचं कुठाय?" मुग्धा रडकुंडीला आली होती.

"नाव काय ठेवणार ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. त्यात बघण्यासारखं काय?"

मुग्धा त्यांच्याशी दोन महिने बोलली नाही. सासूबाईंनी मात्र जाताना त्या फिल्मची पेन ड्राइव्ह माझ्याकडून मागून घेतली आणि कुणाला न सांगता पर्समध्ये टाकली.

मोघ्यांना एक मुलगी आहे, ईरा. बॉनला डॉक्टर आहे. आई जर्मन. ईरा अकरा वर्षांची असताना नवरा-बायको वेगळे झाले आणि ती आईबरोबर गेली. "तिची आई म्हणायची, तू सगळ्या जगाच्या घरात डोकावतोस, स्वतःच्या घरात तुला काही दिसत नाही," असं मोघ्यांनीच एकदा सांगितलं. "बरोबर होतं तिचं," असंही म्हणाले. त्यानंतर ईरा वाढदिवसाला फोन करायची, नाताळात दोन तास यायची. बापाची एकही फिल्म तिनं पाहिलेली नव्हती. मोघ्यांनी बोलवायचं आणि तिनं काहीतरी अडचण सांगायची, असं इतकी वर्षं चाललेलं.

या वर्षी मोघ्यांची नवी फिल्म पुरी झाली. नऊ वर्षं खपत होते. बंदरातल्या फेरीबोटीवर दोर बांधणाऱ्या एका माणसावर. बोट धक्क्याला लागली की तो दोर टाकतो, निघाली की सोडतो. दीड तास. गल्लीतल्या छोट्या थिएटरनं रविवारी सकाळी अकराचा एक खेळ द्यायचं कबूल केलं. मोघे धावतच खाली आले. मला वाटलं थिएटर मिळालं म्हणून.

"ईरा येतेय," ते म्हणाले. "हो म्हणाली. तू ये. तिच्या एका बाजूला मी, एका बाजूला तू. मी तिच्याकडे बघत बसलो तर तिला आवडायचं नाही. म्हणून तू बघ. कुठे हसते, कुठे चुळबुळते, सगळं लक्षात ठेव. आणि हे बघ, ही माझी शेवटची फिल्म. आता उमेद नाही रे. तिनं एवढी एक बघितली ना, की झालं."

त्या आठवड्यात हेच त्यांनी मला जिन्यात तीनदा सांगितलं. मी तीनदा हो म्हणालो.

रविवारी थिएटरात आम्ही धरून अठरा डोकी. वर्गातल्या बायका, आजोबा, फिल्ममधला तो दोरवाला आणि त्याची बायको. मुग्धासुद्धा आली, राग गिळून. अकराला पाच कमी असताना ईरा पोचली. रात्रभर ड्यूटी करून थेट पहाटेची गाडी पकडलेली. डोळ्यांखाली काळं. "हालो, बाबा," म्हणाली आणि बसली. मोघ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. हात मांडीवर, शाळेतल्या मुलासारखे.

बोट निघाली. दोर सुटला. मी इमानदारीत ईराकडे बघत होतो. सातव्या मिनिटाला तिची मान कलली आणि मोघ्यांच्या खांद्यावर टेकली. गाढ झोपली ती!

नऊ वर्षं हो! मी हळूच कोपर उचललं, म्हटलं, एक ढोसणी दिली की जागी होईल. तेवढ्यात तिच्या मागून मोघ्यांचा हात आला आणि त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. मी पाहिलं तर ते मानेनं नाही-नाही करत होते. मग ओठांनीच म्हणाले, "आवाज. आवाज कमी करायला सांग."

मी वाकून मागे गेलो. ऑपरेटर म्हणाला, असं कसं, दिग्दर्शकाला विचारावं लागेल. मी म्हटलं, बाबा रे, दिग्दर्शकच सांगतोय. आवाज इतका उतरला की बोटीचा भोंगा भांड्यावर झाकण ठेवल्यासारखा येऊ लागला. पुढच्या रांगेतले आजोबा वळून "लाउटर, बिटे!" म्हणाले, जरा मोठ्यानं करा. मोघ्यांनी त्यांना हात जोडले. पुढचा सव्वा तास त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही, की खांदा हलवला नाही.

फिल्म संपली. दिवे लागले. दोरवाल्याची बायको डोळे पुसत उठली आणि तिनं टाळ्या वाजवायला हात उचलले. मोघ्यांनी मोकळा हात वर केला आणि बसल्या जागेवरून सगळ्यांना विनवलं, नको. सोळा जणांनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं. मग एकेक जण पाय न वाजवता बाहेर पडला. मुग्धा जाताना त्यांच्यापाशी क्षणभर थांबली, मग गेली.

शेवटी मी उठलो तेव्हा सीटचा आवाज झाला असावा. ईरानं डोळे न उघडताच जर्मनमध्ये विचारलं, "बाबा, सुरू झाली का?"

"नाही गं," मोघे म्हणाले. "अजून वेळ आहे. झोप तू."