विषय : वांग्याची भाजी

रेल्वेतले मोठे साहेब महिपतराव जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हा शहराच्या कंपू भागातल्या एका ग्रंथालयाने प्रदर्शनासाठी त्यांचे कागद मागितले. मुलाने, मोहितने, दोन ढीग केले. शिक्का आणि जावक क्रमांक असलेले कागद सरकारी, बाकीचे घरचे. सरकारी ढीग सकाळीच ट्रंकेतून गेला. चारला उद्‌घाटन होतं, आणि तीन वाजता साहेबांच्या पत्नी विजयाबाईंना घरच्या ढिगात स्टेशनांचे नकाशे सापडले. त्यांनी सगळा ढीग उपसला, पण हवे ते कागद त्यात नव्हते.

"मोहित, बाबांचे माफीनामे कुठंत?"

"माफीनामे? आई, मला काय पता? नंबर होता, शिक्का होता. मी सरकारी समजलो."

आता यात त्याची तरी काय चूक! साहेबांना तोंडाने 'चुकलं' म्हणणं जन्मात जमलं नाही. भांडण झालं, की दुसऱ्या दिवशी ओट्यावर पोह्यांच्या डब्याखाली टाइप केलेला कागद यायचा. घरासाठी वेगळा शिक्कासुद्धा करून घेतला होता त्यांनी. विजयाबाई खाली 'मंजूर' लिहायच्या, की तंटा मिटला.

एकच कागद बिनउत्तराचा राहिला होता. साहेबांनी अकरा वेळा सहलीची तिकिटं रद्द केली होती, म्हणून बाराव्या विनंतीला आठ दिवस लटकवायचं विजयाबाईंनी ठरवलं. सहाव्या दिवशी साहेबच गेले. बाकीचे कागद लोकांनी खुशाल वाचावेत, पण तो एक त्यांना परत हवा होता.

दोघांची ई-रिक्षा खासगी बाजार नावाच्या पेठेत वरातीमागे अडकली. पोचेपर्यंत साडेचार झाले आणि आत हशा चालू होता. ग्रंथालयातली हर्षिता अडखळत वाचत होती, "विषय : वांग्याची भाजी. संदर्भ : आपले कालपासूनचे मौन."

निवृत्त गार्ड मानसिंगराव डोळे पुसत पुढे आले. "वहिनीसाहेब, आम्ही साहेबांना किती भ्यायचो हो."

"तुम्ही त्यांना भ्यायचात, आणि ते मला."

तो कागद शेवटच्या टेबलावर होता. 'विषय : एकत्र प्रवास. चाळीस वर्षे आपण मला डबा बांधून दिलात. यापुढे तो शेजारी बसून खावा, ही विनंती. गाडी आपण म्हणाल ती. संमती कळवावी.'

विजयाबाईंना फार भरून आलं. त्यांनी मानसिंगरावांच्या खिशातलं पेन घेतलं.

"आजी, त्याच्यावर लिहायचं नाही, मना है," हर्षिता म्हणाली. तोवर 'मंजूर' लिहून, खाली सहीही झाली होती.

"घरी नेऊ या ना हा?" मोहितने हळूच विचारलं.

"नको, राहू दे. आता उत्तर दिलंय."

मोहित खाली मान घालून उभा राहिला. "आई, ते सकाळचं... म्हणजे मी जरा..." पुढचा शब्द काही निघेना.

विजयाबाईंनी पदराने डोळे टिपले. "राहू दे रे. उद्या पोह्यांच्या डब्याखाली ठेव."