खळ दिलेला पावना

धोतराला खळ कशी द्यावी, हे अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात फक्त एका माणसाला कळतं, आणि तो म्हणजे मी! आमच्या कामठ्यात कुणालाही विचारा. परसराम रहांगडाल्याच्या धोतराच्या निरीवर एकदा डास बसला, तर त्याचे जागच्या जागी दोन तुकडे झाले. दोन्ही तुकडे उडून गेले, हे मी सहसा सांगत नाही. लोकांचा विश्वास बसत नाही!

तरुणपणी मी कुस्त्याही मारल्या. किती, ते विचारू नका. ज्यांनी त्या पाहिल्या ते सगळे आता वर गेले, त्यामुळे आकडा मी दर वर्षी थोडा वाढवतो.

तर गोष्ट २०१३ सालची. माझी नात नीतू तेव्हा सतरा वर्षांची. ती रोज स्कुटीवरून कुडव्याला जायची आणि जिउ-जित्सू नावाचा खेळ शिकायची. (हे नाव घेताना माझी कवळी हलते, म्हणून मी त्याला 'तो खेळ' म्हणतो.) त्या खेळात ठोसा नाही, लाथ नाही. जाड पांढरा अंगरखा आणि पायजमा घालायचा, त्याला 'गी' म्हणतात. समोरच्याची गळपट्टी धरायची, त्याला खाली आणायचं आणि वेलीनं झाडाला वेढावं तसं वेढायचं. ज्याला सोसवत नाही त्यानं हातानं दोनदा थापटायचं. थापटलं म्हणजे हारलो! आणि थापटलं की दुसऱ्यानं त्याच क्षणी सोडायचं. हा त्या खेळाचा पहिला धर्म.

ही पोरगी आधी अशी होती, की दुकानात साखर मागायला गेली तर आवाज फुटायचा नाही. दुकानदार अंदाजानं मीठ द्यायचा. दोन वर्षं तो खेळ खेळली आणि एके दिवशी तिनं कुडव्याच्या चौकात एका ट्रकवाल्याला ट्रक मागे घ्यायला लावला! पण आमच्या शांतीबाईला, म्हणजे माझ्या मंडळींना, हे पटेना.

"कुडव्याले जाऊन लोळून राहते पोरगी! काऊन, घरी जागा नाही का लोळाले?"

"अवो, जिल्ह्याची स्पर्धा आहे इतवारी. जिंकली त नागपूरले जाईल!"

"जिंकली त जाऊ दे. हारली त स्कुटीची चाबी माह्या कमरेले. मंग पाहू कशी जाते कुडव्याले!"

नीतूनं मान डोलावली. पण जेवताना तिनं भात तसाच ठेवला. आमच्या घरात भात ताटात राहिला म्हणजे प्रकरण गंभीर! मी मनात म्हटलं, परसराम, पोरीचा खेळ वाचवणं आता तुझ्या हातात आहे.

आता माझं डोकं पाहा कसं चालतं. कुस्तीत आम्ही अंगाला तेल लावत होतो. कशाला? पकड बसू नये म्हणून! या खेळात पकड कुठे बसते? कापडावर. कापड मुठीत आलंच नाही तर डाव कुठला? आणि कापड मुठीत येऊ न देण्याची विद्या जिल्ह्यात कुणाला येते? सांगितलंच वर!

शनिवारी सकाळी नीतूनं आपली एकुलती एक गी धुऊन वाळत टाकली आणि ती कॉलेजला गेली. शांतीबाई आत पडली होती. मी चिन्नोर तांदळाची दाट पेज शिजवली. बोट बुडवून पाहिलं. धोतराला पुरेल, पण स्पर्धेला? मन भरेना. मग फडताळात लाडवांसाठी राखलेला धावड्याचा डिंक दिसला. अर्धा घातला. मग म्हटलं, नातीच्या बाबतीत हात काय आखडायचा! उरलेला अर्धाही घातला.

गी त्यात बुडवली, पिळली आणि दोरीला वजन पेलेना म्हणून अंगणातल्या बाजेवर टेकवून ठेवली. पायजमा खाली, अंगरखा वर, मधून पट्टा. डोक्याच्या जागी घोंगडी, वाऱ्यानं उडू नये म्हणून. आणि मी विडा खायला चौकात गेलो.

तासाभरानं परतलो, तर शांतीबाई डोक्यावर पदर घेऊन दारात उभी! चष्मा आत, राग बाहेर.

"अजी, कोन पावना आणला तुमी? दोनदा गूळपानी ठेवलं. हात लावून नाही राहिला! इचारलं, कोन्या गावचे? त उत्तर नाही. लय अकडू माणूस आहे बाप्पा! तुमच्याच नात्यातला दिसते."

मी बाजेकडे पाहिलं. गी कडकडीत वाळली होती आणि मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. पुढ्यात गुळाचे दोन खडे, पाण्याचे दोन तांबे.

"बहिरा आहे तो," मी म्हटलं. "आता जाईलच."

मी त्या पावन्याला काखेत मारून गोठ्यामागून घरात नेला. शांतीबाईला सांगितलं, बसनं गेला.

रविवारी सकाळी नीतू किंचाळली.

"आबाजी! हे का केलं?"

"पकड बसणार नाही बेटा! ठोकून पाहा!"

तिनं ठोकली. दारावरची कडी वाजावी तसा आवाज आला. घडी होईना, म्हणून पिशवीत जाईना. पिशवीत जाईना, म्हणून अंगात घालूनच निघावं लागलं. अंगात घातली तर कोपर वाकेना! शेवटी स्कुटी मी चालवली आणि मागे नीतू, दोन्ही हात दोन्हीकडे पसरून, शेतातल्या बुजगावण्यासारखी. गोंदियाच्या चौकात ट्रॅफिक पोलिसानं आम्हाला थांबवलं.

"दीदी, पहले तय करो! दाएं जाना है कि बाएं?"

हॉलमध्ये तिचे गुरू लोकेंद्र सर वाट पाहत होते. नीतूला पाहून त्यांनी डोळे चोळले.

"ये क्या पहन के आई है? दरवाजा?"

मी छाती पुढे काढून माझा सिद्धान्त समजावू लागलो, तेवढ्यात वजनाला पुकारा झाला. त्या खेळात वजन कपड्यांसकट करतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं! नीतूचा गट पन्नास किलोच्या आतला. गीसकट ती साडेएकोणपन्नास भरायची. काटा गेला एक्कावन्नावर. दीड शेर पेज आणि वर लाडवांचा डिंक!

"वरच्या गटात खेळावं लागेल," वजनवाला म्हणाला.

वरच्या गटात एकच पोरगी होती. आमगावची हर्षिता. ती उभी राहिली तेव्हा हॉलमधला उजेड कमी झाला. शेकहँड केला तर नीतू कोपरापर्यंत तिच्या मुठीत गेली.

नीतूनं माझ्याकडे पाहिलं. मी वर पाहिलं. वर पंखा होता.

झुंज सुरू झाली. हर्षितानं झडप घालून गळपट्टी धरली. कडक्! मूठ सरकली. बाही धरली. कडक्! पुन्हा सरकली. पाठ धरायला गेली, तर पाठीवरून बोटं अशी घसरली जशी पत्र्यावरून मांजर. दोन मिनिटं हेच! मी खुर्चीवर उभा.

"पाहा! पाहा खळ! कामठ्याची खळ आहे ही!"

पण एक गोष्ट मी विसरलो होतो. धोतर नेसून मी चौकात बसतो. चौकात घाम येत नाही.

तिसऱ्या मिनिटाला नीतूला घाम आला. पेज भिजली. डिंक जागा झाला. हर्षितानं उजव्या हातानं गळपट्टी धरली आणि तो हात तिथेच राहिला. तो सोडवायला तिनं डाव्या हातानं बाही धरली. तोही राहिला! नीतूला आयता डाव मिळाला. पाय वरून टाकला, खांदा दाबला, आणि हर्षिताचा हात असा ताणला गेला की मलाच कळ आली.

"जिंकली!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा, की हर्षिता काही म्हणत असेल तर तिचं तिलाही ऐकू गेलं नसेल.

आणि नीतूनं पकड सैल केली. आपणहून!

"सर," ती पंचाला म्हणाली, "हिचे दोन्ही हात चिपकले. हिले थापटता येऊन नाही राहिलं."

पंच वाकून पाहायला गेला. त्याचाही हात चिकटला. मग चहाच्या टपरीवरून गरम पाण्याची किटली आणली आणि तिघांना सोडवलं. पंचाच्या हाताला बराच वेळ डिंकाच्या लाडवांचा वास येत होता.

"ये ड्रेस नियम में नहीं बैठता," पंच म्हणाला. "तुम हार गई."

तेव्हा ती हर्षिता, डोंगराएवढी पोरगी, मनगट चोळत म्हणाली, "असं कसं सर? हिनं सोडलं नसतं त माहा हात गेला असता. माह्याजवळ दुसरी गी आहे. हिले द्या. आमी पुन्हा खेळतो."

पंच तयार झाला. नीतू त्या गीमध्ये अशी दिसत होती जशी पोत्यात एकच वांगं. पण खेळली, बाप्पा! तीनदा खाली गेली, तीनदा निसटली, एकदा तर तिनं त्या डोंगरालाच उलथवलं. पाच मिनिटं संपली. हर्षिताला सहा गुण, नीतूला दोन.

हारली.

परतताना स्कुटी नीतूनं चालवली. कुडवा मागे गेलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "आबाजी, आज शेवटचं पाहून घेतो रस्ता." माझ्या धोतराची निरी त्या क्षणाला मला टोचली.

घरी शांतीबाई बाजेवर बसली होती. हात पुढे केलेला, चाबीसाठी. नीतूनं चाबी ठेवली. न रडता!

आता माझी गंमत ऐका. एकाहत्तर वर्षांत मी कधी हार कबूल केली नव्हती. हारलेल्या कुस्त्याही नंतर गोष्टी सांगून जिंकल्या होत्या. पण मी शांतीबाईशेजारी बसलो आणि बाजेवर हातानं दोनदा थापटलं.

"हे का?"

"हारलो. नीतू नाही, मी हारलो."

आणि सगळं सांगितलं. पेज सांगितली. वजन सांगितलं. नीतूनं हातातली जीत कशी सोडली, ते सांगितलं. डिंक सांगितला, तेव्हा शांतीबाईनं फडताळाकडे पाहिलं. आणि मग ज्याची मला भीती होती तेच विचारलं.

"म्हणजे तो पावना...?"

मी मान खाली घातली.

"मी दोनदा गूळपानी ठेवलं! डोक्यावरून पदर घेतला! 'घरची मंडळी बरी आहेत ना' इचारलं! अन् ते... चोळी-पायजमा होता?"

नीतूला हसू फुटलं. ती दाबत होती, पण ते नाकातून बाहेर आलं. शांतीबाईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चाबी नीतूकडे फेकली.

"जाय उद्या कुडव्याले. जे पोरगी दुसऱ्याचा हात वाचवाले सोताची जीत सोडते, तिले कायले अडवू? पन तुमी!" बोट माझ्याकडे. "आजपासून या घरात खळ बंद! अन् पोरीले घरी सराव कराले कोनी पायजे ना? तुमी बसा!"

तेव्हापासून माझं धोतर मऊ. चौकातला पानवाला दुधराम विचारतो, "परसरामजी, तब्येत बरी नाही का?" आणि रोज संध्याकाळी चार वाजता अंगणात भाताच्या तणसावर चादर टाकून नीतू माझ्यावर डाव शिकते. मोठ्या मायेनं हो! गळ्याभोवती हात येतो, मी दोनदा थापटतो, ती लगेच सोडते. पुढच्या वर्षी ती नागपूरला गेली, त्यात माझ्या मानेचा वाटा मोठा आहे.

फक्त एकदा गडबड झाली. मागून हात आला, गळा आवळला, मी दोनदा थापटलं. सुटेना! चारदा थापटलं. सुटेना! आठदा थापटलं, तर समोर दारात नीतू उभी, हातात चहाचा कप, तोंड उघडं.

मग गळ्याभोवती कोण?

तेवढ्यात कानाशी बांगड्या वाजल्या आणि आवाज आला:

"गूळपानी घेता का, पावने?"