कागद तयार असलेले दामलेकाका

नौपाड्यात आमच्या समोरच्या घरात राहणारे दामलेकाका बारशालासुद्धा हिरवी फाईल काखेत मारून येतात. फाईलमध्ये घरपट्टीची पावती, रेशनकार्ड, पेन्शनचं पुस्तक आणि स्वतःचे सहा फोटो. कुणाला कधी जामीन राहावं लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. "कागद तयार आहेत," हे ते बाळाच्या आईलाही आवर्जून सांगतात.

आम्ही भरपूर हसायचो. मग आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या सुमनताईंच्या नवऱ्याला, गणपतला, पोलिसांनी पकडलं. तो रंगारी. ज्या घरी रंगकाम चाललं होतं तिथली अंगठी गायब झाली आणि संशय त्याच्यावर आला. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार हवा, त्याच्या नावावर घर हवं. मोहन्यात त्यांच्या वस्तीत असे कागद कुणाकडेच नव्हते.

सुमनताई आधी माझ्याकडे आल्या. "दादा, तुमच्या नावावर घर हाय ना?"

मी ऑफिसला सुट्टी नसल्याचं सांगितलं. खरं म्हणजे घाबरलो होतो. गणपत जामीन मिळूनही आणखी तीन आठवडे आतच राहिला.

काकांना कळलं तेव्हा ते आधी माझ्यावर भडकले, मग कोर्टाच्या नियमावर. "अरे, तो तारखेला येईल की नाही, हे माझ्या घरपट्टीवरून कसं कळणार? सकाळी एक फोन करा, येईल बिचारा! पण ऐकतो कोण? चल सुमन, कागद तयार आहेत."

कल्याणच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?"

वकिलाने 'मानलेला भाऊ' असं पढवलं होतं. पण काकांना खोटं जमत नाही. "कुणी नाही. याची बायको शेजारी पोळ्या करते."

पैसे घेऊन जामीन राहणारेही असतात, त्यामुळे अर्धा तास काकांचीच उलटतपासणी झाली. घामाघूम झाले बिचारे. गणपत मात्र त्या संध्याकाळी घरी गेला.

पुढे दोन वर्षं, तारीख असली की काका सकाळी सातला त्याला फोन करायचे. गणपतने एकही तारीख चुकवली नाही. गेल्या महिन्यात तो निर्दोष सुटला. सुमनताई पेढे घेऊन आल्या, तर काका पेढा नुसता हातात धरून बसले.

"काय झालं काका? सुटला की तो."

"सुटला, फार बरं झालं. पण फोन केला की म्हणायचा, 'काका, निघालो.' आमची ही गेल्यापासून मला सांगून घराबाहेर पडणारं कोण आहे रे?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी त्यांची बेल वाजवली.

"काका, निघालो."

त्यांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "डबा घेतलास का?"