मागचा डावा बोलत न्हाई

रामनगरात भरमाण्णांच्या टायरच्या दुकानात चाक खोलताना गिऱ्हाईकानं बोलायचं नसतं. खोकलासुद्धा गिळायचा. मी पहिल्यांदा गाडी घेऊन गेलो तेव्हा भाबडेपणानं विचारलं, "अण्णा, किती वेळ लागंल?" अण्णांनी ओठांवर पाना ठेवला. "मास्तर, शाळा तिकडं सोडून यायची. हितं टायर बोलत्यात."

त्यांच्या हातात रिमोटसारखं एक यंत्र असतं. ते चाकाच्या व्हॉल्व्हजवळ धरलं की आतला सेन्सर हवा किती, बॅटरी कशी ते सांगतो. चारही चाकांची अशी विचारपूस झाल्याशिवाय अण्णा एक नट ढिला करत नाहीत. "खोलल्यावर सेन्सर मेला म्हटलं, तर मारला कुणी? त्यो आधीच मेला हुता, का म्या मारला?"

चाकांची अदलाबदल झाली की कुठला सेन्सर कुठं बसलाय हे गाडीला नव्यानं शिकवावं लागतं. पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. एकेकाची ओळख पटली की हॉर्न वाजतो आणि अण्णा "शाब्बास!" म्हणून चाकाला थोपटतात. मध्येच कुणाचा फोन वाजला तर पुन्हा पहिल्यापासून. एका पुढाऱ्याला त्यांनी असं तीनदा थांबवलं होतं. बोलण्यानं सेन्सरला काही होत नाही, हे मी एकदा समजावून पाहिलं. "पर मला हुतंय की," अण्णा म्हणाले.

गेल्या मे महिन्यात बायकोला, सुनंदाला, बाळंतपणासाठी कारवारला न्यायचं होतं. आदल्या दिवशी गाडी दाखवली, तर मागचा डावा सेन्सर गप्प. बॅटरी संपलेली. नवा बेळगावहून यायला दोन दिवस.

"हवा बरोबर हाय न्हवं? मग झालं," मी म्हटलं.

"आत्ता बरोबर हाय. वाटंत अणशीच्या जंगलात किती हाय, कोण सांगणार? थितं फोन बी लागत न्हाई."

सकाळी निघालो. गाव सुटलं आणि आरशात अण्णा दिसले. जुनी मोटरसायकल, मागं दोरीनं बांधलेला पायपंप आणि नजर आमच्या मागच्या डाव्या चाकावर. दर अर्ध्या तासानं हॉर्न मारून आम्हाला थांबवायचे, उकिडवे बसून हवा मोजायचे, "चला" म्हणायचे. तिसऱ्यांदा खिडकीशी आले. "पोरी, खड्डा लागला काय?" आणि उत्तराआधीच माझ्यावर ओरडले, "मास्तर, बैलगाडी हाकताय व्हय?" सुनंदा पोट धरून हसत होती.

कारवारच्या हॉस्पिटलात भरती करून घेताना नर्सनं विचारलं, "माहेरचं कोण आलंय?"

सुनंदाचे आई-वडील कधीच गेलेले, भाऊबहीण नाही. तिनं मान खाली घातली. मी "कुणी नाही" म्हणणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी हाय की."

अण्णांनी काळे हात शर्टाला पुसले आणि आत येऊन बाकावर बसले. लग्न न केलेला, दुकानामागच्या खोलीत एकटाच राहणारा हा माणूस संध्याकाळपर्यंत तिथून हलला नाही. मुलगी झाली. मी म्हटलं, "अण्णा, दुकान बंद आहे, आता तुम्ही निघा."

"माहेरचं माणूस असं उठून जातंय व्हय?" ते म्हणाले. मग हळूच, "पोरीला बघू तर द्या."