वसंतराव हवेत आहेत

"वसंतराव आहेत का घरी?" असं रविवारी दुपारी कुणी विचारलं, तर त्यांच्या वहिनी शिवणमशीन थांबवत नसत. पाय चालूच ठेवून सांगत, "आहेत, पन हवेत आहेत. सहा वाजता उतरतात. बसा. चहा तवाच भेटन, इंजिन सोडून मले उठता येत नाई."

नवा माणूस चपला शोधू लागे. जुना निमूट बसून राही. एकदा एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आले आणि पावणेदोन तास बसले. सहाच्या ठोक्याला वसंतराव झाडे मधल्या खोलीतून बाहेर आले, कानांवरचा मफलर सोडला, नमस्कार केला आणि म्हणाले, "माफ करजा, समोरून वारा होता."

मी सत्तरच्या दशकात समुद्रपूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आलो आणि त्यांच्या शेजारची खोली घेतली. वसंतराव एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. पन्नाशीकडे झुकलेले, अविवाहित, बोलण्यात मोजके. आल्यानंतर आठवड्यातच ते माझ्याकडे आले आणि शाळेतला अरबी समुद्राचा नकाशा मागू लागले. मी म्हटलं, गावाच्या नावात समुद्र असला तरी इथं मोठं पाणी म्हणजे पावसाळ्यातला नाला, तुम्हाला काय करायचा नकाशा? ते म्हणाले, "पाहाचा आहे." बस, एवढंच.

त्यांच्या मधल्या खोलीत भंगारात निघालेल्या एसटीची सीट होती. समोर सायकलचं हँडल, एक गजराचं घड्याळ आणि लाकडी फळीवर रंगवलेले काटे. परदेशात वैमानिकांना जमिनीवरच बसवून उडायला शिकवतात, त्या यंत्राला सिम्युलेटर म्हणतात, असं त्यांनी नागपूरहून आणलेल्या जुन्या मासिकात वाचलं होतं. "मंग आपन काऊन नाई?" असा त्यांचा रोकडा सवाल होता. हे विमान होतं चार इंजिनांचं, समुद्रावर गस्त घालणारं. लढाऊ विमानांचं त्यांना कौतुक नसे. "झुंईकन गेलं अन् झुंईकन आलं. त्यानं पाह्यलं काय? गस्तीचं विमान म्हंजे ढोरं राखनं आहे, गुरुजी. दिसभर नजर ठेवा लागते."

इंजिन म्हणजे वहिनींची मशीन. गावातल्या बायकांची पोलकी शिवता शिवता त्या चारही इंजिनं चालवत. विमान कामाच्या जागी पोचलं की वसंतराव ओरडत, "वहिनी, दोन बंद!" अशी विमानं तिथं इंधन वाचवायला दोन इंजिनं खरंच बंद करतात म्हणे. वहिनी पाय हळू करत आणि काज-बटणांचं काम काढत.

मला खिडकी मिळाली. गस्तीच्या विमानाची खिडकी बाहेर फुगलेली असते, म्हणजे डोकं घालून थेट खाली बघता येतं. वसंतरावांनी खिडकीचे गज काढून बाहेर एक खोका ठोकला होता आणि त्यात डोकं घालून मी बसायचं. पहिल्याच रविवारी खोक्यासमोर एक म्हैस येऊन उभी राहिली. मी थट्टेनं ओरडलो, "म्हैस!" वसंतरावांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "कोन्या दिशेले?" आणि वहीत लिहायला लावलं. थोड्या वेळानं मला स्टोव्हवर ठेवलेल्या दुधाची आठवण झाली आणि मी उठलो. ते मागे न बघता म्हणाले, "गुरुजी, कुठं चालले? खाली समुद्र आहे." माझं दूध उतू गेलं.

मला हा सगळा पोरखेळ वाटे आणि मी चारचौघांत टिंगलही करत असे. मग एके दिवशी वहिनींनीच मला सांगितलं. वसंतरावांचा थोरला भाऊ दिगंबर, म्हणजे वहिनींचा नवरा, मालवाहू जहाजावर इंजिनघरात कामाला होता. एका पावसाळ्यात जहाजाचा निरोप येणं थांबलं. गस्तीच्या विमानांनी सहा दिवस शोधलं आणि काही सापडलं नाही, असं पत्र आलं. वसंतरावांनी ते पत्र वाचलं आणि विचारलं, सहाच दिवस? तेव्हापासून शोध समुद्रपुरातून चालू होता. नकाशावर त्यांनी पेन्सिलीनं चौकोन आखले होते आणि दर रविवारी एक चौकोन पाहायचा असा नेम होता. मला माझीच लाज वाटली. पुढच्या रविवारी मी दूध तापवून मगच गेलो.

सगळे चौकोन संपले तेव्हा मला वाटलं, आता सुटले. तर त्यांनी रबरानं खुणा पुसल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणाले, "पानी कुठं एका जागी राह्यते, गुरुजी? पाह्यलेलं पानी आता दुसरीकडं गेलं असन."

हिवाळ्यात खिडकीबाहेर जवस फुलायचं. शेत लांबपर्यंत निळं. मशीनची घरघर, वरून उतरतं ऊन, वाऱ्यानं त्या निळ्यावरून सरकत जाणारी लाट. अर्ध्या तासानं मला खरंच वाटू लागे की आपण समुद्रावर आहोत. मी दिगंबररावांना कधी पाहिलं नव्हतं, तरी त्या निळ्यात एक हात वर झालेला शोधत बसे. डोळे थकले की कबूल करायचं, असा वसंतरावांचा दंडक होता. "नाई दिसलं तं नाई म्हना. मनानं कोनाले उभं करू नका."

गोष्ट अडली ती बारा वर्षांपाशी. बारा वर्षं माणूस सापडला नाही तर त्याचा दर्भाचा पुतळा करायचा, अग्नी द्यायचा आणि त्याच्या बायकोनं कुंकू पुसायचं, अशी रीत. अल्लीपूरचे मामाजी, म्हणजे वसंतरावांच्या आईचे भाऊ, वर्षभर आधीपासून आठवण देत होते. वसंतरावांचं उत्तर ठरलेलं, "शोध चालू आहे. मंग विधी कसा होईन?" तेव्हा मला उमगलं, की हा माणूस दर रविवारी चार तास एका कुंकवासाठी उडतो आहे.

बारावं वर्ष सरलं. जानेवारीतल्या एका रविवारी मामाजी भटजींना घेऊनच आले आणि बाहेरच्या खोलीत बसले. वसंतरावांनी मफलर बांधला आणि दोनच्या ठोक्याला उड्डाण केलं. वहिनींनी पाय चालू केले. मी खोक्यात डोकं घातलं.

त्यांचा एक नियम कधी मोडला नव्हता. निम्मं इंधन संपलं की मागे वळायचं, मग समोर काहीही असो. चार वाजता वळायची वेळ झाली. ते वळले नाहीत. मी घड्याळ बघितलं, सव्वाचार. म्हटलं, "वसंतराव, परतायला पाहिजे."

"जरा समोर पाहू."

"नियम तुमचाच आहे."

ते हँडल घट्ट धरून बसले होते आणि त्यांची मान हलत नव्हती. मला भीती वाटली. चार भिंतींच्या आतल्या एसटीच्या सीटवर बसलेल्या माणसाबद्दल इतकी भीती वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो.

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या. पाय चालूच होते. "ते आता येत नाईत, हे मले त्याच साली समजलं होतं. तुम्ही एकटे उडसान म्हनून मी मशीनवर बसत राह्यली."

वसंतरावांनी कानांवरचा मफलर आणखी घट्ट ओढला.

"कुंकू पुसन का ठेवन, ते मी पाहीन. मामाजीले काय सांगाचं ते बी मीच सांगन. तुम्ही परत फिरा."

"आता पेट्रोल नाई पुरत, वहिनी."

"काऊन नाई पुरत? इंजिन मी चालवून राह्यली. मी म्हनते, पुरते."

साडेचारला वसंतरावांनी हँडल वळवलं. वहिनींनी बाहेर आवाज दिला, "मामाजी, बसा. सात वाजतीन."

मग आम्ही तिघं परत निघालो. पूर्ण अडीच तास. कुणी खाली काही शोधलं नाही, कुणी वहीत लिहिलं नाही. सुईखाली कापडही नव्हतं. वहिनी नुसत्याच पाय मारत होत्या. जवसावरचं ऊन पिवळं झालं, मग गेलं. बाहेर मामाजी दोनदा खाकरले.

उतरलो तेव्हा वहिनींचे पाय थरथरत होते. वसंतराव सीटवरून उठले, मफलर सोडला, खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन म्हणाले, "चला मामाजी. दादाचं करून टाकू."