शाळा सोडल्याचा दाखला, घरच्या घरी

शिस्तीच्या बाबतीत आमच्या शाळेचा हात कोणी धरू शकणार नाही, हे मी मुख्याध्यापक या नात्याने छातीठोकपणे सांगतो. शिक्षण खात्यात रीतसर नोंद, पटसंख्या दोन. थोरली बारावीत, धाकटा दहावीत. वर्ग जेवणाच्या टेबलावर भरतो. आम्ही ख्रिस्ती माणसं. मुलांना बाहेरचा वारा लागू नये, ती प्रभूच्या मार्गात वाढावीत, म्हणून आम्ही त्यांना घरीच शिकवतो. भाषा आणि विज्ञान बायकोकडे. ती नर्स आहे. गणित आणि शिस्त माझ्याकडे. माझं चष्म्याचं दुकान अकराला उघडतं, तोपर्यंत मी पुढची पिढी घडवतो!

त्या सोमवारी बायकोची सकाळपाळी होती. प्रार्थना झाली, गीत झालं आणि मी फळ्यावर समीकरण सोडवायला घेतलं.

"पप्पा, तिसरी ओळ चुकलीय," धाकटा म्हणाला.

"शाळेत सर म्हणायचं!"

"सर, तिसरी ओळ चुकलीय."

मी ती ओळ जवळून पाहिली, लांबून पाहिली, चष्मा काढून पाहिली. मला काहीच चुकलेलं दिसेना. "प्रश्न ओळीचा नाही, नम्रतेचा आहे," मी म्हणालो. "नम्रतेवर दोन पानी निबंध लिही!"

कार्ट्याने वीस मिनिटांत लिहिला. दुसऱ्या पानावर उदाहरणादाखल एक गृहस्थ होते. ते गावाला चष्मे विकायचे, पण स्वतःची तिसरी ओळ त्यांना दिसत नसे.

"तुझं नाव शाळेतून कमी!" मी गरजलो. तिथल्या तिथे शाळा सोडल्याचा दाखला लिहिला. दोन प्रती. कारण: उद्धटपणा. खाली दुकानाचा शिक्का.

त्याने दाखला शांतपणे वाचला. "सर, मग आता कुठे जाऊ?"

"घरी जा!"

त्याने दप्तर भरलं, बहिणीशी हात मिळवला, टेबलापासून सोफ्यापर्यंत तीन पावलं चालला आणि तंगड्या पसरल्या. "आलो घरी."

पाच मिनिटांनी थोरली म्हणाली, "सर, एक बाहेरचा मुलगा वर्गात बघत टोस्ट खातोय. माझं लक्ष लागत नाही."

मुख्याध्यापकाला बाहेरच्या मुलावर काय अधिकार? म्हणून मी सोफ्याला वळसा घालून बाप झालो. "काय रे! शाळेच्या वेळात घरी कसा?"

"शाळेतून काढलं, पप्पा."

"कोणी?"

"तिथले मुख्याध्यापक जरा तापट आहेत."

इथपर्यंत सगळं चार भिंतींच्या आत होतं. पण दुसऱ्या दिवशी शिक्षण खात्यातून फोन आला. "तुमच्या शाळेतला दहावीचा विद्यार्थी कमी झाल्याचं कळलं. त्याचा परीक्षेचा अर्ज आम्ही बाजूला काढलाय."

माझ्या हातातून फोन निसटायचाच बाकी होता. "तुम्हाला कोणी कळवलं?"

"तुमच्या शाळेच्या लिपिकबाईंनी. दाखल्याची प्रतही पाठवलीय."

लिपिकबाई समोरच पेन्सिलीला टोक करत होत्या. "नियम आहे, सर. नाव कमी झालं की त्याच दिवशी कळवायचं," थोरली म्हणाली. "आणि काही लपवायचं नाही, हे तुम्हीच रोज प्रार्थनेनंतर सांगता ना?"

सांगतो खरा. नको तेवढं सांगतो!

सोफ्यावरचा मुलगा मात्र उठून बसला होता. त्याच्या तोंडचा टोस्ट तोंडातच राहिला. "म्हणजे यंदा मी परीक्षेला नाही?" त्याने विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला होता पोराने. मी लगेच खात्याला परत फोन लावला.

उपाय होता. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत फेरप्रवेश. पालकांचा अर्ज, मुख्याध्यापकांची मंजुरी आणि एका प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष. मी मलाच अर्ज केला आणि मीच उदार मनाने मंजूर केला. खात्याने तो परत पाठवला. शेरा होता: दोन्ही सह्या एकाच माणसाच्या वाटतात.

मग बायकोकडे गेलो. पालक म्हणून सही कर, म्हणालो.

"अशी कशी करू?" ती म्हणाली. "आधी शाळा बघायला हवी. मुख्याध्यापक काय शिकलेत, डोकं कितपत ठिकाणावर असतं, चौकशी करायला नको? एकुलता एक मुलगा आहे हो माझा!"

गुरुवारी संध्याकाळी घरीच पालकसभा भरली. प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून चर्चचे पाळकसाहेब आले. बायकोने फळा पुढे सरकवला. "सर, ते समीकरण एकदा आमच्यासमोर सोडवता का?"

मी सोडवलं. तिसऱ्या ओळीला खोलीत अशी शांतता पसरली, की मी प्रार्थना सुरू झाली समजून डोळे मिटले!

"पप्पा," धाकटा हळूच शेजारी येऊन उभा राहिला, "कंसाच्या बाहेर उणे आहे. कंस सोडवला की आतली चिन्हं बदलतात." त्याने माझ्या हातातून खडू घेतला नाही; बोटाने नुसतं दाखवलं. सगळ्यांसमोर माझी टर उडवायची एवढी आयती संधी, आणि कार्ट्याने ती सोडली!

"चुकलं रे माझं," मी म्हणालो. "तेव्हाही आणि आताही."

"माझा निबंधही जरा जास्तच झाला," तो म्हणाला.

पाळकसाहेबांनी मोठ्याने आमेन म्हटलं आणि सही केली. बायकोनेही केली. अर्ज शुक्रवारी चारला पोचला, आणि परीक्षेचा अर्ज पुन्हा जागेवर आला.

सोमवारपासून शाळा नव्या दमाने सुरू झाली. शिस्त आता बायकोकडे आहे, धाकट्याचं गणित थोरलीकडे. माझं मुख्याध्यापकपद कोणी काढून घेतलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो. वेळापत्रकात अजून माझं नाव आहे. मधल्या सुट्टीसमोर.

पण ती मी एकदम चोख घेतो हं!