अरुंधतीबाईंचा मोत्या

“मांजर सापडेपर्यंत मला तोंड दाखवू नका!” गोपाळराव साहेब ओरडले, तेव्हा गोदामाच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि वजनकाट्यावर पोतं ठेवणारा हमाल विनाकारण दोन पावलं मागे सरला.

वाडीच्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीत साहेबांचा आवाज ट्रकच्या हॉर्नपेक्षा जास्त कामाचा होता. हेडक्लार्क रुपराव नऊ वर्षं त्या आवाजाखाली बसून मालाच्या बिल्ट्या, म्हणजे पाठवणीच्या पावत्या, लिहीत आला होता. पण आजचा आवाज वेगळाच होता. साहेबांच्या बायकोचा, अरुंधतीबाईंचा लाडका बोका मोत्या चार दिवसांपासून बेपत्ता होता. त्याला शोधताना पलंगाखाली वाकलेल्या बाईंचा चष्मा खाली पडला आणि साहेबांच्या बुटाखाली आला. नवा चष्मा सीताबर्डीच्या दुकानात तयार व्हायला टाकला होता, त्याला पंधरा दिवस लागणार होते. तोवर बाई घरातल्या प्रत्येक तपकिरी उशीला मोत्या म्हणून हाक मारत होत्या आणि उशीनं ओ दिली नाही की साहेबांकडे पाहत होत्या.

“शनिवारपर्यंत मोत्या घरी आला नाही, तर सोमवारपासून तुम्ही कन्हानच्या शाखेत!” साहेबांनी निकाल दिला. मांजर हरवण्यात रुपरावचा हात काय, हे विचारायची सोय नव्हती. त्याची म्हातारी आई वाडीत, पोरगी वाडीच्या शाळेत, आणि कन्हान पार शहराच्या त्या टोकाला.

रुपराव भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत अगदी शेवटच्या खोलीत राहत असे. त्याच्या परसाला लागूनच पळसाचं आणि सागाचं रान सुरू होई. शुक्रवारी सकाळी तो दाढी करत असताना परसात कोंबड्यांनी एकच गिल्ला केला आणि पाठोपाठ बायकोची, जयवंताची हाक आली.

“अजी, लवकर या! कोंबडीचोर धरला!”

रुपराव अर्ध्या दाढीनं धावला. जयवंतानं कोंबड्या झाकायच्या बांबूच्या डालग्याखाली काहीतरी कोंडलं होतं आणि वर दगडी पाटा ठेवून त्यावर ती स्वतः बसली होती. रुपरावनं फटीतून पाहिलं. तपकिरी अंग, शेपटीवर काळी वळी, हिरवे डोळे.

“मोत्या!” रुपरावच्या डोळ्यांत पाणी आलं.

“मोत्या काहून होईन? हा रानबोका हाये. पाय पाहा ना त्याचे, बकरीच्या पिल्लावानी लांब.”

“चार दिवस उपाशी हाये तो. वाळला म्हणून पाय लांब दिसून राहिले.”

“आन कानावर झुपके हायेत, ते?”

“तू सायबाचं मांजर कधी पाह्यलं का वं?”

“नाई.”

“मंग?”

खरं तर रुपरावनंही मोत्याला एकदाच पाहिलं होतं, तेही झोपलेलं आणि पाठीमागून. पण कन्हानची शाखा डोळ्यांपुढे असलेल्या माणसाला एवढी ओळख पुरेशी वाटली. त्या प्राण्याला चहाच्या लाकडी खोक्यात भरायला दोन माणसं, एक गोधडी आणि रुपरावच्या सदऱ्याची डावी बाही लागली. खोकं सायकलच्या कॅरिअरला बांधून तो निघाला. नाक्यावरची चार कुत्री भुंकत त्याच्या मागे लागली. खोक्यातून एक खर्जातली गुरगुर आली. कुत्री थांबली, एकमेकांकडे पाहिलं आणि काही काम आठवल्यासारखी माघारी गेली.

बंगल्यात अरुंधतीबाईंनी स्वतःच्या हातानं खोकं उघडलं. आतून एक तपकिरी पट्टा सुटला, तो पडद्यावरून कपाटावर गेला. पडदा खाली आला, दांडा खाली आला, दांड्याबरोबर साहेबांचा सत्काराचा फोटोही खाली आला.

“ओळखलं हो त्यानं घर!” बाई कौतुकानं म्हणाल्या. “तिथंच बसायचा.”

आवाज ऐकून साहेब आतून आले. “अरे, हे काय आणलंय? हे मांजर आहे? हा तर चक्क जंगलातला—”

वाक्य पुरं झालं नाही. त्या चढत्या आवाजासरशी कपाटावरच्या प्राण्यानं कान मागे पाडले, दात दाखवले आणि थेट साहेबांच्या आरामखुर्चीत उडी टाकली. साहेब जेवणाच्या टेबलावर उभे राहिले. ते तिथे कसे चढले, हे त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही.

“हळू बोला,” बाई म्हणाल्या. “आवाज चढला की त्याला राग येतो.”

साहेब टेबलावरूनच कुजबुजले, “रुपराव, हा मोत्या नाही.”

“असं कसं सायेब? बाईनं ओळखलं ना,” रुपरावही कुजबुजला.

बाईंना दिसत नाही म्हणावं, तर चष्म्यावर कोणाचा बूट पडला हा विषय पुन्हा निघाला असता. कन्हानची बदली टेबलावरूनच रद्द झाली.

त्यानंतर साहेब सकाळी सातलाच ऑफिसात येऊ लागले. एके दिवशी एका पायात चप्पल आणि दुसऱ्यात बूट घालून आले, कारण उरलेल्या जोडीवर रानबोका झोपला होता. आरामखुर्ची त्यानं घेतलीच होती, आता वर्तमानपत्रावरही बसायला लागला होता. घरी हळू बोलायची सवय ऑफिसातही शिरली. हमालांना हुकूम ऐकू येईनात. “अकोला” म्हणाले ते कोणीतरी “उमरेड” ऐकलं आणि साबणाची दीडशे खोकी उमरेडला जाऊन पडली. साहेब त्याबद्दल कोणाला रागावल्याचंही कोणी ऐकलं नाही.

“रुपराव,” दुसऱ्या रविवारी भरदुपारी बंगल्यावर बोलावून घेऊन ते काकुळतीनं म्हणाले, “आज ही झोपली आहे. आज त्याला धरायचंच.”

त्यांनी रेनकोट चढवला होता, डोक्यावर पितळी पातेलं घातलं होतं आणि हातात मच्छरदाणी धरली होती. रुपरावनं दुसरं टोक धरलं. तीन मोजले की टाकायची, असं ठरलं. साहेब दोनलाच धावले. मच्छरदाणी खुर्चीवर पडली, साहेब मच्छरदाणीत पडले आणि पातेलं घरंगळत स्वयंपाकघरापर्यंत गेलं. खुर्चीतला मालक त्याआधीच खिडकीत जाऊन बसला होता आणि पंजा चाटत होता.

आतून बाईंचा झोपाळू आवाज आला, “मोत्या, पुरे आता खेळ. त्यांचं वय झालंय.”

पुढच्या शुक्रवारी ट्रक ड्रायव्हर बळीराम ऑफिसात शिरला. त्याच्या कडेवर एक गुबगुबीत तपकिरी मांजर होतं, गाढ झोपलेलं.

“हे कोणाचं हाये गा, रुपरावभाऊ? कापसाच्या गाठींत झोपून अमरावतीले आलं, तिथून सुरतेले गेलं, आता वापस आलं. पूर्ण रस्ताभर एकदा जांभई देली, बस.”

साहेबांनी मांजर हिसकावून घेतलं. “मोत्या! माझा मोत्या!” त्यांनी त्याच्या कपाळाचा मुका घेतला. मोत्या झोपूनच राहिला. योगायोग असा, की बाईंचा नवा चष्माही त्याच सकाळी आला होता.

“आता सगळं उघड होणार,” साहेब म्हणाले. “तुम्हीच आणलात, तुम्हीच कबूल करा. मी फाटकापाशी थांबतो.”

रुपराव मोत्याला खांद्यावर टाकून आत गेला. नवा चष्मा लावून बाई तांदूळ निवडत होत्या. आरामखुर्चीत रानबोका पाय लांब करून पसरला होता.

“बाई, माफ करा. हा खरा मोत्या हाये. तो रानबोका होय. माही बायको सांगत होती मले, पण मी भेलो. बदली होईन म्हणून आणला.”

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. “रुपराव, माझा चष्मा फुटला होता, नाक नव्हतं फुटलं. खोकं उघडलं तेव्हाच वास आला मला.”

“मंग ठेवला काहून?”

“त्या दिवशी हे टेबलावरून किती हळू बोलले, ऐकलंत ना? लग्नाला बावीस वर्षं झाली. यांचा आवाज इतका छान आहे, हे मला माहीतच नव्हतं.”

तेवढ्यात फाटकातून दबलेली हाक आली, “अगं... आत येऊ का?”

रानबोक्यानं डोळे न उघडता एक कान त्या दिशेला वळवला.

“बघा,” बाई हसल्या, “विचारून येताहेत. मोत्याला तुम्ही घेऊन जा. त्याला कुठंही झोप लागते.” मग सुपातला एक खडा वेचून त्यांनी आवाज खाली आणला. “बरं, ऑफिसात काय परिस्थिती आहे? तिथं अजून ओरडतात का हो?”

“आता कमी हाये,” रुपराव प्रामाणिकपणे म्हणाला. “दुपारी जेवल्यावर ओरडतेत थोडंसं.”

बाईंनी सूप बाजूला ठेवलं. “तुमच्या घरामागच्या रानात अजून असतील का असे?”

रुपरावनं खांद्यावरचा मोत्या नीट सावरला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तो त्या बंगल्यात ताठ उभा राहिला.

“हायेत ना बाई,” तो म्हणाला. “एक पुरे, का दोन आणू?”